काल्पनिक जगाची कालरेषा: सुरुवात कुठून करावी

दहा हजार वर्षांचा इतिहास आधी लिहून काढायचा बेत सध्या बाजूला ठेव. तुझी कथा जिथे सुरू होते तिथून मागे जा आणि ज्यांचा परिणाम कथेत अजून जाणवतो अशा पाच-सहा घटनाच मांड.

आपल्या इंदूरचंच बघ ना. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, 1766 मध्ये त्यांचे वडील मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी नातू मालेरावही. त्यातून कारभार खंडेरावांच्या पत्नी अहिल्याबाईंकडे आला आणि राजधानी महेश्वरला गेली. ती पुन्हा इंदूरला आली इंग्रजांशी झालेल्या 1818 च्या मंदसौर तहानंतर. एकातून दुसरं कसं निघत गेलं पाहा! तुझ्या वहीतही प्रत्येक घटनेपुढे ‘त्यामुळे काय झालं?’ असा रकाना हवाच. तो रिकामा राहिला तर घटना सरळ खोडून टाक.

नवीन मंडळी हमखास अडकतात ते इथे:

- वयं. प्रत्येक पात्राचं जन्मवर्ष लिही, नाहीतर बाप-लेकात सहाच वर्षांचं अंतर निघतं.
- कालगणना. तुझ्या जगात दोन असू देत. शक आणि विक्रम संवत यांत 135 वर्षांचा फरक असूनही आपल्याकडे दोन्ही चालतातच. वहीतला हिशेब मात्र एकाच गणनेत ठेव.
- सारखी अंतरं. दर शंभर वर्षांनी एक युद्ध, असं घडत नाही. वरच्या तेरा वर्षांत होळकरांच्या तीन पिढ्यांतले पुरुष गेले.

महिन्यांची नावं, ग्रहणं, दोन चंद्रांचं गणित नंतर बघू. आधी पाच घटना लिहून पाठव, रकाना मी तपासून देतो.