जुनी सुपरहिरो कॉमिक्स जमवायची तर मूळ अंक घ्यावेत की पुनर्मुद्रणं?

तुम्ही विचारलंय की साठच्या दशकातला स्पायडरमॅन आणि त्याच्या आगेमागची कॉमिक्स वाचायची आणि जमवायची आहेत, तर मूळ अंकांच्या मागे लागावं की नव्याने छापलेली पुस्तकं घ्यावीत, आणि सुरुवात कुठून करावी. वाचायला पुनर्मुद्रणच घ्या. मूळ अंक हवाच असेल तर एखादा घ्या, तोही फाटका, स्वस्तातला. आणि 'पहिला अंक' या दोन शब्दांच्या नादी लागू नका.

कारण पहिल्या अंकांचा बाजार आता वाचकांचा राहिलेलाच नाही. स्पायडरमॅन ज्यात प्रथम अवतरला तो 'अमेझिंग फँटसी'चा १५वा अंक ऑगस्ट १९६२चा, किंमत १२ सेंट. त्याची एक उत्तम प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. सुपरमॅनची पहिली गोष्ट असलेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक (जून १९३८, १० सेंट) २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकला गेला. सुपरमॅनचे हक्क देऊन टाकताना सीगल आणि शुस्टर या त्याच्या दोन्ही जन्मदात्यांच्या हातावर मिळून १३० डॉलर पडले होते, हेही लक्षात असू द्या. इतक्या महाग प्रती बहुतेक वेळा १० पैकी गुण देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या असतात. पान उलटायचं तर डबी फोडावी लागते, आणि डबी फोडली की ते गुणही गेले. सील न फोडता कपाटात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा प्रकार आहे.

हे अंक दुर्मिळ का झाले, तर ते टिकावेत असं कुणालाच वाटलं नव्हतं. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, वाचून झाला की रद्दी. सुपरमॅनच्या वेळच्या अंकांचं तर आणखी वाईट : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढिगांनी कॉमिक्स गेली. पुढे १९५४च्या सुमाराला कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, तेव्हा पालकांनीच उरलेली फेकली. जे वाचलं ते नशिबाने. कोलोरॅडोतल्या एडगर चर्च या गृहस्थांनी घरात रचून ठेवलेले हजारो अंक १९७७ मध्ये बाहेर आले, तेव्हा कित्येक अंक काल छापल्यासारखे होते. घट्ट रचलेले गठ्ठे, अंधार आणि तिथली कोरडी हवा, एवढंच त्यामागचं गुपित. आपल्याकडे कोकणपट्टीत जुलै महिन्यात कपाट उघडून बघा, म्हणजे कोरड्या हवेची किंमत कळेल.

आता पुनर्मुद्रणांबद्दल. इथे जरा थांबून सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की गोष्ट तीच, चित्रं तीच, मग कुठलंही पुस्तक घेतलं तरी काय फरक पडतो. फरक पडतो तो रंगांत.

जुन्या अंकांत निळा, लाल आणि पिवळा हे तीन रंग ठरावीक गडदपणात ठिपक्या-ठिपक्यांनी छापत आणि त्यावर काळी रेघ. त्यातून ६४ छटा निघत, त्याहून जास्त नाहीत. हे रंग ठरवणाऱ्याला ठाऊक असायचं की छपाई मळकट, शाई पिणाऱ्या कागदावर होणार. म्हणून तो लाल रंग जरा भडकच द्यायचा, कागद त्याला आपोआप शांत करायचा. पुढे मार्व्हलने (स्पायडरमॅनची प्रकाशन कंपनी) १९८७ मध्ये 'मार्व्हल मास्टरवर्क्स' ही पुठ्ठा बांधणीची मालिका सुरू केली आणि डीसीने (सुपरमॅनची) १९८९ मध्ये 'आर्काइव्ह एडिशन्स'. यांतल्या अनेक पुस्तकांत तेच रंग पांढऱ्या, चकचकीत कागदावर आले आणि किंचाळायला लागले. कागद जितका उंची, तितकं पान खोटं दिसतं, हे मी अनेक पुस्तकं चाळून झालेलं मत आहे. म्हणून घेण्याआधी एकच बघा : कागद चमकतो का? ट्यूबलाइट पानावर दिसत असेल तर दोनदा विचार करा.

काळ्या रेषांचाही प्रश्न होता. जुने अंक ज्यावरून छापले त्या फिल्म अनेकदा उरलेल्याच नव्हत्या. मग एक छापील अंक घ्यायचा, त्यावरचे रंग रसायनाने उडवायचे, उरलेल्या रेषा साफ करायच्या आणि तुटल्या तिथे हाताने जोडायच्या. म्हणजे एक जुना अंक बळी द्यायचा आणि त्यातून नवं पुस्तक काढायचं. स्पायडरमॅनचा पहिला चित्रकार स्टीव्ह डिटको, त्याच्या रेषेचे बारकावे या उपद्व्यापात कुठे कुठे बोथट झाले, तर कुठे चक्क वाचले. रेषाच बघायची असेल तर मार्व्हलची १९९६ पासून निघालेली 'एसेन्शियल' मालिका जुन्या बाजारात मिळते का बघा. जाडजूड, कृष्णधवल, हलक्या कागदाची. तिला कुणी संग्राह्य म्हणत नाही, म्हणूनच परवडते. रंगाशिवाय डिटको बघणं हा वेगळाच आनंद आहे. 'अमेझिंग फँटसी' १५ ची त्याची मूळ रेखाटनं २००८ मध्ये एका अनामिकाने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. ज्या अंकाची छापील प्रत कोट्यवधींना जाते, त्याची मूळ पानं कुणीतरी नाव न सांगता फुकट दिली!

सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर असं की अंक जमवू नका, जोडी जमवा. म्हणजे एका लेखकाने आणि एका चित्रकाराने मिळून सलग केलेलं काम. स्टॅन ली आणि डिटको यांचा स्पायडरमॅन, 'अमेझिंग स्पायडरमॅन' १ ते ३८ (१९६३ ते १९६६). ली आणि जॅक किर्बी यांचं 'फँटास्टिक फोर' १ ते १०२. या दोन गोष्टी वाचल्यात की साठच्या दशकात काय बदललं ते कळतं. त्यातही घाई असेल तर स्पायडरमॅनचे ३१ ते ३३ हे तीन अंक आधी वाचा. मे काकू मरणाच्या दारात, तिचं औषध चार हातांवर पडलेलं, आणि अंगावर कोसळलेल्या अवजड यंत्राखाली पीटर पार्कर (म्हणजे स्पायडरमॅनच) अडकलाय, वरून पाणी गळतंय. ३३व्या अंकात डिटको नुसतं ते यंत्र उचलण्यावर पानामागून पान खर्च करतो. यंत्र वर सरकतं तशा चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी एका अख्ख्या पानावर ते फेकलं जातं. इथे मारामारी नाही, खलनायकही समोर नाही. हे मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून बघाल तर सगळं वाया. पान पूर्ण दिसायला हवं, म्हणून या बाबतीत मी छापील पुस्तकाचा हट्ट धरतो.

हे सगळे अंक एकत्र हवे असतील तर 'ऑम्निबस' आहे. हजारावर पानं, मांडीवर घेऊन वाचता येत नाही, पण त्यात वाचकांची पत्रं छापलेली आहेत आणि ती गमतीची आहेत. ('फँटास्टिक फोर'च्या २०व्या अंकात, १९६३ मध्ये, जॉर्ज आर. आर. मार्टिन या शाळकरी पोराचं पत्र आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाला तोच.) कागदी बांधणीचं 'एपिक कलेक्शन' खिशाला आणि हाताला दोन्हीला सोसतं, मी नवख्या माणसाला तेच सांगतो. 'मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स' ही २०२१ पासूनची छोट्या आकाराची पुस्तकं मुलांसाठी ठीक आहेत, चाळिशीच्या पुढच्या डोळ्यांसाठी नाहीत. एखाद्याच अंकाचा जुना अनुभव हवा असेल तर 'फॅक्सिमिली एडिशन', म्हणजे त्या अंकाची हुबेहूब नक्कल, घ्या. त्यात जुन्या जाहिरातीसुद्धा असतात, आणि त्या काळची अमेरिका गोष्टीपेक्षा जाहिरातींतच जास्त दिसते.

फसवणुकीचं एक सांगतो. डीसीने १९७४ मध्ये 'फेमस फर्स्ट एडिशन' म्हणून 'ॲक्शन कॉमिक्स' १ जसाच्या तसा, पण मोठ्या आकारात छापला. बाहेरचं कव्हर काढून टाकलं की आतलं कव्हर हुबेहूब मूळचं. ते वापरून लोकांनी लोकांना फसवलंय. अंकाची लांबी-रुंदी मोजली की बिंग फुटतं. १९६६ मध्ये ग्रामोफोन रेकॉर्डसोबत 'अमेझिंग स्पायडरमॅन' १ चं पुनर्मुद्रण निघालं होतं, त्याच्या कव्हरवर किंमतच नाही. १२ सेंट दिसले नाहीत तर खिशातून हात काढू नका. परदेशातून मागवणार असाल तर कुरिअर आणि कस्टम धरून हिशोब करा, कित्येकदा ते पुस्तकापेक्षा महाग पडतं. मुंबईत किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात फ्लोरा फाउंटनपाशी उभ्याने चाळण्यात वेळ घालवा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोथम कॉमिक्सने भारतात छापलेले मार्व्हल-डीसीचे अंक अशा ढिगांत असू शकतात.

तुमच्या घरात इंद्रजाल कॉमिक्स असतील तर मात्र माझा सल्ला उलटा आहे. मार्च १९६४ ला सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेली ही मालिका स्वतःच बहुतांशी पुनर्मुद्रण होती. ली फॉकच्या वेताळाच्या वर्तमानपत्री पट्ट्या कापून, पानांत बसवून, रंगवून छापलेल्या. 'बेंगाली' हे फॉकच्या देशाचं नाव आपल्याकडे भलताच अर्थ देईल म्हणून 'डेंकाली' केलं, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. फॉकच्या मूळ पट्ट्या इंग्रजीत पुन्हा छापल्या गेल्यात, पण त्यांत डेंकाली सापडणार नाही. तेव्हा मराठीतले ते अंक विकू नका, रद्दीत तर मुळीच देऊ नका. आतल्या पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा, सेलोटेप कुठेही लावू नका (ती पिवळी पडते आणि कागद खाते), आम्लरहित पुठ्ठा पाठीमागे घालून पॉलिएस्टरच्या पिशवीत उभे ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, तिथे ओल धरते आणि कसर लागते. पावसाळा संपला की सगळे बाहेर काढून पंख्याखाली हवा द्या, उन्हात नाही.