शाफ्ट घरी काढा, गिअरबॉक्स नको

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1998 ची मारुती 800 आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की डाव्या चाकातून कटकट आवाज येतो आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. एक्सल शाफ्ट घरीच काढता येईल का? दीर म्हणतात, उघडतोच आहोत तर गिअरबॉक्सही उतरवू, क्लच प्लेट बघून घेऊ. – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, बूट म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण फाटलंय, ग्रीस गेलंय आणि आत माती शिरून बाहेरचा जॉइंट खाल्लाय. वाजायला लागलेल्या जॉइंटवर नुसता नवा बूट चढवून भागत नाही. शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा फिरता दांडा, काढावाच लागेल आणि तो घरी निघतो.

सुरुवात चाक जमिनीवर असतानाच करा. मधलं झाकण काढा, नटाची स्प्लिट पिन सरळ करून ओढा, एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने सॉकेटला लांब पाइप घालून नट ढिला करायचा. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी उचलल्यावर या नटाशी झटापट करू नका, गाडी घोड्यांवरून, म्हणजे खाली टेकूला लावलेल्या लोखंडी स्टँडवरून सरकते.

मग हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, आणि पुढची दोन्ही चाकं उचलून चासीखाली लोखंडी घोडे. एकच बाजू उचललीत तर स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारी दांडी) लोअर आर्मला (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीला) खाली येऊ देत नाही. विटा आणि सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत, ते आधी चीर न दाखवता फुटतात. खाली जाण्याआधी गाडीला खांदा लावून हलवून बघा.

शाफ्ट निघाला की गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं, म्हणून ते आधीच काढायचं. काढताना आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडतोय का ते पाहा. तो जाम निघाला आणि खालून ऑइल सांडून झालं असेल, तर नवं भरणार कुठून?

आता चाक आणि ढिला केलेला नट काढा, मग लोअर आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढा, आर्म खाली दाबा आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढा. ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नका. शाफ्ट हबमध्ये अडकला तर नट टोकाशी बरोबर येईपर्यंत परत चढवून लाकडाचा तुकडा ठेवून ठोका, नाहीतर आटे बसतात. गिअरबॉक्सकडचं टोक आतल्या लॉक रिंगवर अडकलेलं असतं. गिअरबॉक्सचं केसिंग आणि जॉइंट यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून एक झटका द्या. शाफ्टला धरून ओढाल तर आतला जॉइंटच उघडून हातात येईल. बसवताना लॉक रिंग आणि स्प्लिट पिन नवी घ्या, ऑइल सीलच्या ओठाला ग्रीस लावा, आणि खट् आवाज आला तरच शाफ्ट बसला समजा. ऑइल गाडी सपाट असताना, वरच्या भोकातून झरायला लागेपर्यंत भरा.

शाफ्ट बाहेर असताना मात्र गाडी चाकांवर ढकलू नका. हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावर उभं असतं.

दिरांचा उत्साह मला पसंत आहे, पण गिअरबॉक्स राहू द्या. त्याचं माउंटिंग सुटलं की इंजिनाचा तो कोपरा लटकतो, वरून साखळीने धरायला आडवा बार लागतो. तेवढं वजन छातीवर घेऊन गिअरबॉक्सचा स्वतःचा शाफ्ट क्लच प्लेटच्या भोकात नेमका बसवणं पार्किंगमधलं काम नाही. जरा हात सुटला, गिअरबॉक्स त्या शाफ्टवरच लोंबकळला की प्लेटचा मधला भाग वाकतो. आणि क्लच सटकतोय असं तुम्ही लिहिलेलंच नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. इंजिन गुरगुरलं आणि गाडी पुढे सरकली नाही, तर आधी क्लच केबलचा खेळ तपासा. तरीही तसंच असेल तर गॅरेज.

प्रश्न : अॅम्बेसेडरचा प्रोपेलर शाफ्ट काढताना मिस्त्रीने फ्लँजवर पंच मारला. कशासाठी? – एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, आणि फ्लँज म्हणजे त्याच्या टोकाची बोल्टने जोडायची चकती. पंचाची खूण केली, ती दोन्ही फ्लँज होत्या तशाच जुळाव्यात म्हणून. चार बोल्टचा फ्लँज चारही प्रकारे बसतो, पण शाफ्ट ज्या जागी बॅलन्स होऊन फिरत होता ती जागा एकच. चुकीचा बसला तर वेग घेतल्यावर गाडीचा तळ थरथरायला लागतो. तुमचा मिस्त्री जाणता आहे, सोडू नका त्याला.