१३ डिसेंबरला संसदेत होणारी श्रद्धांजली हा निव्वळ उपचार आहे का?

तुमचा प्रश्न असा की २००१ मध्ये अतिरेक्यांनी संसदेवर केलेल्या हल्ल्यात जीव गमावलेल्यांसाठी दरवर्षी १३ डिसेंबरला नेते रांगेने येऊन फुलं वाहतात, सभागृहात मौन पाळतात, फोटो निघतात; त्यातून साधतं काय?

माझ्या मते बरंच साधतं. त्यासाठी तिथे मांडलेले फोटो कुणाचे आहेत ते बघा. पाच दिल्ली पोलिसांतले, एक सीआरपीएफची महिला कॉन्स्टेबल, दोघं संसदेच्याच सुरक्षा सेवेतले आणि एक माळी, देशराज. त्यात एकही खासदार नाही, मंत्री नाही. २००१ मध्ये त्या दिवशी कारगिल युद्धातल्या जवानांसाठीच्या शवपेट्यांच्या खरेदीवरून गोंधळ झाल्याने दोन्ही सभागृहं तहकूब झाली होती, पण अनेक खासदार आणि मंत्री इमारतीतच होते. ते सुखरूप राहिले ते दारावरच्या माणसांमुळे.

त्या महिला कॉन्स्टेबल कमलेश कुमारींचंच घ्या. गृहमंत्रालयाचं स्टिकर लावलेली पांढरी अँबेसेडर आत शिरली, त्यातून बंदूकधारी उतरले, ते त्यांनी पाहिलं. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. तरी त्या ओरडत गेटकडे धावल्या आणि गोळ्या लागून तिथेच कोसळल्या. त्यांच्या ओरडण्याने बाकीचे जवान सावध झाले. संसदेच्या सुरक्षा सेवेतले मातबर सिंह नेगी यांनी गोळ्या लागलेल्या असताना गेट क्रमांक १ बंद केलं. त्याच सेवेतले जगदीश प्रसाद यादव त्या गाडीमागे धावले होते. तिघांनाही मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. आपल्या तुकाराम ओंबळेंनी २६/११ ला हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, त्यांनाही तेच पदक. पहिला वार अंगावर घेणारा माणूस बहुतेक वेळा सर्वांत खालच्या हुद्द्याचा असतो आणि त्याच्या हातात पुरेसं शस्त्रही नसतं, याचा मला संताप येतो.

म्हणून देशाचे पंतप्रधान एका माळ्याच्या फोटोपुढे मान झुकवतात, हे मला फार मोलाचं वाटतं. सरकारं बदलली, नव्या इमारतीत कामकाज सुरू झालं, तरी फुलं वाहायला जुन्या संसद भवनासमोरच, म्हणजे आताच्या संविधान सदनासमोर, सगळे जमतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे नेतेही तेव्हा शेजारी उभे असतात.

पण फुलांनी सगळं फिटत नाही, आणि ते घरच्यांनीच ठणकावून सांगितलं होतं. या हल्ल्याच्या कटात दोषी ठरलेल्या अफझल गुरूची सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम केलेली फाशी लांबत गेली, तेव्हा २००६ मध्ये याच दिवशी अनेक कुटुंबांनी मिळालेली पदकं राष्ट्रपतींकडे परत केली. (फाशी झाली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये.) फाशीबद्दल तुमचं मत काहीही असो, आपल्या माणसाचं शौर्यपदक परत करायला निघालेल्या त्या घरांत काय उलघाल झाली असेल, याचा विचार करा.

२०२३ मध्ये नेमक्या १३ डिसेंबरला दोघांनी प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उड्या मारल्या आणि धुराच्या नळकांड्या फोडल्या. सकाळी श्रद्धांजली झालेली होती. त्यामुळे यापुढे फुलं वाहिली की त्याच दिवशी सभागृहात एका गोष्टीचा हिशोब मांडला जावा, असं मला मनापासून वाटतं: आज दारावर उभ्या असलेल्या माणसाला काय शस्त्र दिलंय, काय प्रशिक्षण दिलंय, आणि त्याला काही झालं तर त्याच्या घराकडे कोण बघणार आहे.