सहावीच्या 40 मुलांच्या वर्गात उपज (गाताना ऐनवेळी स्वतः सुचवून गाणं) कशी शिकवावी? त्याआधी किती राग यायला हवेत?

एकही राग पूर्ण यायला नको. ‘आधी पाच राग, पंधरा ताना पाठ, मग उपज’ हा हट्ट मला मुळीच मान्य नाही. फळ्यावर लिहिलेली तान अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो ते पाठांतर. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण त्याला उपज म्हणू नका.

भूप राग घ्या (सा रे ग प ध हे पाचच स्वर, म आणि नी नाहीत), आणि सुरुवातीला फक्त सा रे ग. तानपुरा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात (ॲप चालेल), पेटी बंद. पेटी वाजत राहिली की मुलं स्वतः सूर शोधत नाहीत, तिच्या मागे मागे जातात. हाताने केरवा (आठ मात्रांचा ताल) धरा: आठ मात्रा तुम्ही, आठ मात्रा एक मूल. तुमचंच परत म्हणायचं नाही आणि सातव्या मात्रेला ग वर येऊन थांबायचं. आठवी श्वासाला. मिनिटाला 80 मात्रांची लय धरली तर एका मुलाला 12 सेकंद लागतात, 40 मुलांची फेरी 8 मिनिटांत संपते. ‘वर्ग मोठा आहे, जमत नाही’ ही सबब मग उरत नाही.

सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. ‘काहीही गा’ म्हटलं की मूल गप्प बसतं, नाहीतर सरळ चढून सरळ उतरतं. मुक्काम ठरलेला असला की वाटा सुचतात: ग ग रे ग, सा ग रे ग, रे सा रे ग. ग पक्का झाला की मुक्काम सा करा. मग मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, मग प, शेवटी मध्य ध.

प आला की भूपात नसलेला म घुसणारच, कारण ‘सारेगम’ जिभेवर बसलेलं असतं. मुलाला अडवू नका. तुमच्या पुढच्या आठ मात्रांत ग प, ध प ग ठळक गा, दोन-तीन फेऱ्यांत म गळतो. आकाराची (स्वरांची नावं न घेता ‘आ’ म्हणत गाण्याची) घाई मात्र नको. स्वरांची नावं सुटली की मुलांचा सूर सैल होतो, म्हणून तीच ओळ एकदा सरगमने, लगेच आकाराने.

पाठांतराशी माझं वैर नाही. बंदिश आणि रागाची पकड (राग ओळखू येतो ती छोटी स्वरओळ) पाठच हवी. आणि हे सगळं सहावीपुरतं. आठवी-नववीत मुलग्यांचा आवाज फुटत असतो, त्यांना काळी चारला ताणू नका, खालच्या पट्टीत वेगळी फेरी घ्या.