बोर्डोला पाच रात्री: मुक्काम शहरात की द्राक्षमळ्यात?

सप्टेंबरमध्ये चौघं फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनच्या शहरात पाच रात्री जाताय, गाडी भाड्याने घेणार आहात, आणि मुक्काम शहरात करावा की एखाद्या शातोवर (स्वतःचे मळे असलेल्या वाइन बनवणाऱ्या घरी), असा प्रश्न आहे. माझं उत्तर: पहिल्या तीन रात्री बोर्डो शहरात, शेवटच्या दोन सेंत-एमिलियों गावात.

मळ्याचे फोटो बघून खोली घेऊ नका. आधी हे ठरवा की रात्री जेवायला कुठे जाणार आणि तिथून गाडी कोण आणणार. फ्रान्समध्ये गाडी चालवणाऱ्याला रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. एका शातोवर चार वाइन, प्रत्येकी ४० मिली धरल्या, तर पोटात साधारण १७ ग्रॅम अल्कोहोल जातं. दिवसात असे दोन शातो झाले, वर जेवताना एक ग्लास घेतला, की ७० किलोचा माणूसही मर्यादा ओलांडू शकतो. त्यामुळे चालवणाऱ्याने चाखून थुंकायचं. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

शहर वाइनच्या सगळ्या भागांच्या मध्ये आहे. उत्तरेला मेडोक, पूर्वेला सेंत-एमिलियों, आग्नेयेला सोटेर्न. पेसाकचे मळे तर उपनगरातच आहेत, तिथे ट्रामने जाता येतं. नकाशावर मेडोकमधलं पोइयाक आणि सेंत-एमिलियों जवळ दिसतात, पण मध्ये जिरोंद या खाडीचं रुंद पात्र आहे आणि पूल थेट बोर्डोपाशी. त्यात शहराच्या रिंगरोडवर सकाळ-संध्याकाळ हमखास कोंडी. मेडोकच्या काठावरच्या लामार्कहून पलीकडच्या ब्लायला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढते, पण फेऱ्या मोजक्या असतात, वेळापत्रक बघूनच निघा. तरी दोन्ही काठ बघाच: मेडोकच्या खडीच्या जमिनीत मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं, पलीकडच्या चिकणमाती-चुनखडीत मर्लो जातीची. फरक जिभेवर लगेच कळतो.

मेडोकमध्ये रात्र काढायचा सल्ला मी देणार नाही. संध्याकाळी गावं सामसूम होतात, जेवणाच्या जागा थोड्या आणि रात्री टॅक्सी मिळणं कठीण. मेडोकच्या दिवशी शहरातूनच चालकासह गाडी ठरवा. म्हणजे चौघांनाही निवांत पिता येईल.

सेंत-एमिलियोंमध्ये जेवण, वाइनची दुकानं आणि मळे सगळं पायी होतं. बोर्डोहून रेल्वेने पाऊणएक तास, पण स्टेशन गावापासून दीडेक किलोमीटरवर आहे. गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आणि तीव्र उताराच्या. चाकांची बॅग तिथे ओढवत नाही. बुकिंगआधी विचारा: गाडी कुठे लावायची, तिथून खोलीपर्यंत किती चालायचं, लिफ्ट आणि एसी आहे का. जुन्या दगडी घरांमध्ये ही दोन्ही बऱ्याचदा नसतात.

शातोवर राहायचंच असेल तर एकच रात्र राहा आणि रात्रीचं जेवण तिथेच मिळेल ना, हे लेखी विचारून घ्या. घरगुती मुक्कामात ते आदल्या दिवशी सांगावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. खोलीचा ताबा ठरलेल्या वेळेतच देतात. उशीर होणार असेल तर फोन करा. शिवाय सप्टेंबर म्हणजे द्राक्षांची तोडणी. तोडणीयंत्रं गारव्यात, उजाडायच्या आधीच मळ्यात उतरतात आणि मोठ्या ट्रॅक्टरइतका आवाज करतात. खिडकी मळ्याकडे असेल तर पहाटे पाचला जाग आलीच म्हणून समजा.

तोडणीच्या दिवसांत बरेच शातो पाहुणे घेणं कमी करतात. मर्लो काबर्नेच्या आधी पिकतो, त्यामुळे सेंत-एमिलियोंकडे ही घाई आधी सुरू होते. रविवारी रात्री आणि सोमवारी अनेक रेस्टॉरंटं बंद असतात, तेव्हा त्या दोन रात्री शहरात येतील असे दिवस निवडा. आणि खोल्यांच्या आधी शातोंच्या वेळा ईमेलने पक्क्या करा, दिवसाला दोनच. तोवर खोली हवी असेल तर फुकट रद्द करता येणारीच घ्या.