अटलांटिस, अतल आणि घरातली तुळई

‘अटलांटिस हा शब्द मूळचा आपला अतल आहे, सप्तपाताळांतला पहिला. म्हणजे ते बुडालेलं राज्य आपल्या पुराणांतलंच, हे खरं का? आणि मराठीत तो अटलांटिस, ती की ते?’ असा दुहेरी प्रश्न आला आहे.

पहिल्याचं उत्तर: नाही. पण एवढं सांगून थांबणं बरं नाही, कारण या शब्दाचं आपल्या भाषेशी एक वेगळंच नातं संभवतं आणि ते मला अतलापेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

आधी अतल पाहू. अ + तल, ज्याला तळ नाही ते. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल अशी उतरंड येते. अतलात मयासुराचा मुलगा बल राहतो. या सातही पाताळांना तिथे ‘बिलस्वर्ग’ म्हटलंय, कारण तिथलं वैभव स्वर्गाहूनही अधिक. आपण रसातळाला जाणं वाईट मानतो, पण भागवतातलं रसातल सातांतला एक मजला आहे, एवढंच. मुद्दा असा की अतल भूमीखालीच आहे. ते कधी वर नव्हतं आणि बुडालेलंही नाही.

अटलांटिस मात्र बेट आहे, तेही समुद्राने गिळलेलं. प्लेटोने इ.स.पू. ३६०च्या सुमारास ‘तिमेयस’ आणि ‘क्रितियस’ या संवादांत ही कथा सांगितली: हेराक्लीसच्या खांबांपलीकडे, म्हणजे जिब्राल्टरच्या बाहेर, एक बलाढ्य बेट होतं, पोसायडन देवाचा थोरला मुलगा अत्लास तिथला पहिला राजा, पुढे भूकंप आणि पूर येऊन एका दिवसरात्रीत ते नाहीसं झालं. अत्लासचं ते अत्लान्तिस. ग्रीकमध्ये ‘-इस’ लावून ‘अमक्याची’ असा स्त्रीलिंगी शब्द होतो. मधला ‘न्त’ कुठून आला? आपल्याकडे महत् शब्दाची प्रथमा महान् आणि द्वितीया महान्तम्, तसं तिकडे प्रथमेत अत्लास आणि पुढच्या विभक्त्यांत अत्लान्त्-. अतलवाल्यांना हा ‘न्त’ कुठे बसवायचा ते सांगता येत नाही.

शिवाय हा शब्द प्लेटोच्या आधीचा आहे. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. पाचव्या शतकात खांबांबाहेरच्या समुद्रालाच ‘अत्लान्तिस’ म्हटलंय. म्हणजे अत्लास राजावरून महासागराला नाव मिळालं असं प्लेटोच्या कथेत असलं, तरी ग्रीकांच्या तोंडी समुद्राचं नाव आधीपासून होतं.

नावाच्या साम्यावरून ठिकाण शोधायची हौस फार जुनी आहे. १६७९ साली ओलाउस रुडबेक या स्वीडिश पंडिताने अटलांटिस म्हणजे ‘आटलांड’, म्हणजे स्वीडनच, असं ठरवून जाडजूड ग्रंथ काढला. १८८२ साली इग्नेशस डॉनेली या अमेरिकन लेखकाने हे खंड अटलांटिक महासागरात ठेवलं आणि मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत ‘आत्ल’ म्हणजे पाणी, हा पुरावा जोडला. ऐकायला भारी वाटतं. पण त्या भाषेत ‘-त्ल’ हा नामाला लागणारा प्रत्यय आहे, पाणी फक्त ‘आ’त आहे. समासात तो प्रत्यय गळूनही जातो. अटलांटिस म्हणजे ग्रीसमधलं सान्तोरिनी बेट, हा सिद्धांत त्यामानाने सभ्य, तो नावावर उभा नाही: तिथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट खरोखर झाला आणि राखेखाली गाडलेलं अक्रोतिरी गाव १९६७पासून उकरलं गेलं. पण ते बेट एजियन समुद्रात आहे, खांबांच्या बाहेर नव्हे. माझ्या मते ही कथा प्लेटोने अथेन्सच्या लोकांना गर्वाचं फळ दाखवायला रचली.

आणि प्लेटोनेच नावांचा शोध आधीच मिटवून ठेवलाय, याकडे फार कुणी बघत नाही. ‘क्रितियस’मध्ये तो बजावतो की परक्यांची नावं ग्रीक ऐकून चकित होऊ नका: इजिप्तच्या लोकांनी ती अर्थ पाहून आपल्या भाषेत नेली होती, अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने पुन्हा अर्थ पाहून ती ग्रीकमध्ये आणली. म्हणजे कथा खरी धरली तरी हातात आहे ते भाषांतर. त्यात मूळ ध्वनी शोधायचा कसा?

आता ते नातं. अत्लास म्हणजे (प्लेटोचा राजा नव्हे, ग्रीक पुराणांतला त्याच नावाचा) आकाश खांद्यावर पेलणारा. या नावात ग्रीकचा ‘त्ला-’ म्हणजे पेलणं, सोसणं हा धातू आहे, असं परंपरेने मानतात; काही अभ्यासक नाव ग्रीकपूर्व समजतात, म्हणून मी वर ‘संभवतं’ म्हटलं. या ‘त्ला’चे भाऊबंद संस्कृतात तुल्, तुला. आपलं तोलणं, तोल जाणं, तूळ रास, सगळी त्याच घरची मंडळी. संस्कृतात तुला म्हणजे तराजू, तशीच छपराखालची आडवी तुळईसुद्धा. माझ्या आजोळी माजघरात काळी पडलेली एक तुळई होती, तिला दोर बांधून आम्ही झोका घ्यायचो. अख्खा माळा तिच्यावर, वर भाताची पोती. ग्रीक वास्तुकलेत छत पेलणाऱ्या पुरुषाकृती खांबांना अत्लान्तेस म्हणतात. तुळईने माळा पेलायचा, अत्लासने आकाश.

दुसरा प्रश्न सोपा. ग्रीकमध्ये अत्लान्तिस स्त्रीलिंगी, कारण तिथे बेट स्त्रीलिंगी. मराठीत बेट, शहर, राज्य सगळंच नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते अटलांटिस बुडालं’ हेच कानाला बरोबर लागतं. ‘अटलांटिस नगरी’ म्हणायचं असेल तर खुशाल ‘बुडाली’ म्हणा. ‘ट’ इंग्रजीमार्फत आलाय, मूळ उच्चार दंत्य ‘त’चा, पण रुळलेला ‘ट’ बदलायचं मला काही कारण दिसत नाही.