करविषयक प्रश्नोत्तरे : सीएंच्या माहितीपत्रकात ‘नोकरी’ लिहावे की ‘व्यवसाय’?

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षे नोकरीला होतो. मार्च २०२५मध्ये कंपनीने माझा राजीनामा घेतला आणि १ एप्रिलपासून माझ्याशी ‘सल्लागार’ म्हणून करार केला. काम तेच आहे, साहेब तेच आहेत आणि लॅपटॉपही कंपनीचाच आहे. दरमहा मी १,२५,००० रुपयांचे बिल देतो व त्यातून कलम १९४जे (व्यावसायिक शुल्कावरील करकपात) खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, कापला जातो. माझ्या सीएंनी पाठवलेल्या माहितीपत्रकात उत्पन्नाचे स्वरूप ‘नोकरी’ की ‘व्यवसाय’ असे विचारले आहे. ‘व्यवसाय’ लिहून कलम ४४एडीएचा (ठरावीक व्यावसायिकांना जमेचा ठरलेला भागच उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय) लाभ घ्यावा, असे मित्र सांगतात. मी काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपले मित्र असे का सांगतात, ते आधी आकड्यांत पाहू. आपली वर्षाची जमा १५ लाख रुपये होते. कलम ४४एडीए लागू झाले, तर तिच्यातील निम्मी रक्कम, म्हणजे साडेसात लाख, उत्पन्न म्हणून दाखवता येते. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची सूट असल्याने कर शून्य होऊन कापलेले दीड लाख परत मिळतात. हेच १५ लाख पगार मानले, तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १४,२५,००० रुपयांवर उपकरासह ९७,५०० रुपये कर बसतो. फरक एवढा मोठा असताना मोह होणे स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच कारणाने तो रकाना भरताना घाई करू नये, असे माझे मत आहे.

टीडीएस कोणत्या कलमाखाली कापला, यावरून उत्पन्नाचे स्वरूप ठरत नाही. ते कलम पैसे देणाऱ्याने निवडलेले असते. करारावर ‘सल्लागार’ हा शब्द असणेही पुरेसे नाही. प्रत्यक्षात संबंध मालक-नोकराचा आहे की स्वतंत्र व्यावसायिकाचा, हे पाहिले जाते. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या १९५६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर मीठ पिकवणाऱ्या आगरियांचा प्रश्न होता. ते स्वतःच्या जबाबदारीवर मदतनीस ठेवत, तरीही कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख असल्याने ते कामगारच ठरले. तो वाद कामगार कायद्यातील होता, परंतु काम काय करायचे एवढेच नव्हे, तर ते कसे करायचे हेही समोरची बाजू ठरवते का, ही त्यातील कसोटी करप्रकरणांतही वापरली जाते.

आता स्वतःला काही प्रश्न विचारा. रजा हवी असल्यास परवानगी घ्यावी लागते का? हजेरी नोंदवावी लागते का? दुसऱ्या ग्राहकाचे काम घेण्याची करारात मुभा आहे का, आणि आपण ते कधी घेतले आहे का? काम बिघडले, तर त्याचा खर्च आपण सोसता की कंपनी? भविष्य निर्वाह निधी बंद झाला, हा मुद्दा आपल्या बाजूने मांडला जाईल. पण राजीनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी तेच काम, त्याच देखरेखीखाली, ठरलेल्या मासिक रकमेवर सुरू झाले, ही वस्तुस्थिती त्याहून वजनदार आहे. आपण लिहिले आहे तेवढ्यावरून मला हे उत्पन्न पगाराकडे झुकणारे दिसते.

म्हणून त्या रकान्यात एकच शब्द लिहून मोकळे होऊ नका. वर सांगितलेली सगळी परिस्थिती सीएंना लेखी कळवा आणि सोबत करार, राजीनाम्याचे पत्र, बिले, फॉर्म १६ए (पगाराव्यतिरिक्त रकमेवरील टीडीएसचा दाखला), फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तपशील) व वार्षिक माहिती विवरण द्या. विशेषतः राजीनाम्याचे पत्र मागे ठेवू नका, कारण ते न पाहता दिलेला सल्ला अर्धवट माहितीवरचा असेल आणि विवरणपत्राच्या सत्यापनाखाली नाव मात्र आपले असेल. उत्पन्न कमी दाखवल्यास कलम २७०ए खाली त्यावरील कराच्या ५० टक्के दंड होतो. वस्तुस्थिती दडवल्याचे ठरले, तर तोच दंड २०० टक्के होतो. पुढे करार खरोखर बदलला, आपण इतर ग्राहक घेतले, वेळ व पद्धत स्वतः ठरवू लागलात, तर माहिती तंत्रज्ञान हा ४४एडीएसाठी मान्य व्यवसाय असल्याने तो लाभ आपल्याला उजळ माथ्याने घेता येईल. १ एप्रिल २०२६पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मात्र २०२५-२६चे उत्पन्न १९६१च्या अधिनियमानुसारच दाखवायचे आहे.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. सकाळी एका रुग्णालयात पगारावर काम करते व तेथून फॉर्म १६ मिळतो. संध्याकाळी दुसऱ्या रुग्णालयात रुग्णसंख्येनुसार मानधन घेते, तेथून फॉर्म १६ए मिळतो. सीएंना दोन्हींपैकी काय सांगू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही सांगा; एकाच व्यक्तीला दोन्ही प्रकारचे उत्पन्न असू शकते. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५मध्ये, बदलत्या मानधनावर काम करणारे डॉक्टर तेथील करार व परिस्थिती पाहता कर्मचारी नव्हेत आणि त्यांचा टीडीएस १९४जे खालीच योग्य आहे, असे मान्य केले होते. त्यामुळे आपले संध्याकाळचे मानधन व्यावसायिक उत्पन्न म्हणून दाखवण्यास चांगला आधार आहे. नव्या करप्रणालीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट फक्त सकाळच्या पगारातून मिळेल. ४४एडीए निवडल्यास आणि टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक राहत असल्यास आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरावा. जुनी करप्रणाली हवी असेल, तर तेही सीएंना आत्ताच सांगा, कारण व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्याला त्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीतच फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर, व्यवसाय चालू असेपर्यंत, पुन्हा जुनी निवडता येत नाही.